अर्जदाराची खुर्ची

निंबा शेवटची गाठ मारायचा नाही. खुर्ची पुरी विणून व्हायची, काठाची पट्टी बसायची, आणि एका कोपऱ्यात वीतभर वेत तसाच लोंबता ठेवून तो म्हणायचा, "बसणाऱ्याला बोलवा."

धुळ्याच्या एका बँकेत मॅनेजर चिडले होते. म्हणाले, शिपाई बसून दाखवेल, काय फरक पडतो? निंबा म्हणाला, फरक पडतो. नवी वीण पहिल्या बैठकीला बोलते. एखादा पदर सैल राहिला असेल तर किरकिरते, फार ताणला असेल तर टणकन वाजते. ज्याचं वजन त्यानंच बसायचं. मॅनेजर बसले. निंबानं खाली वाकून बैठकीला कान लावला, एक पदर नखानं ओढून घेतला, मग गाठ मारली आणि उठला. ती खुर्ची नऊ वर्षं चालली.

तो मूळचा एदलाबादकडचा, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरकडचा. बाप केळीच्या बागेत राबणारा. सहाव्या वर्षी देवी आल्या, आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. सोळाव्या वर्षी धुळ्याला वेतकाम शिकला. पुढं जळगावात मेहरूणला दोन खोल्या घेतल्या, बेबाबाईशी लग्न केलं, आणि जळगाव-धुळ्याच्या दरम्यान जिथं जिथं सरकारी खुर्ची होती तिथं तिथं तो एसटीनं जाऊन विणू लागला. एका खुर्चीला दोन दिवस. उभे दोन पदर, आडवे दोन, तिरपे दोन, मग काठ. दीड दिवसात करून देतो म्हणणारे होते. त्यांच्या खुर्च्या तिसऱ्या वर्षी पोट सोडत. निंबा दोन दिवसांचं काम दोनच दिवसांत करायचा, पाऊण तासही इकडे-तिकडे नाही.

ब्याण्णवच्या मे महिन्यात त्याला एका तालुक्याच्या गावच्या सरकारी दवाखान्यातलं काम मिळालं. पाच खुर्च्या. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत दर बुधवारी तीन डॉक्टरांचं बोर्ड बसायचं आणि अपंगांना तपासून दाखला द्यायचं. त्या खोलीतल्या या खुर्च्या. दोन वर्षांपूर्वी त्यानंच विणल्या होत्या, पण वेत दवाखान्यानं दिलेला, हलका; दोनच वर्षं टिकणारा. शुक्रवारी पंधरा तारखेला तो मागच्या ओट्यावर बसला. पुना शिपायानं एकेक खुर्ची आणून समोर ठेवली. निंबानं बसल्या बसल्या पाचांवरून तळहात फिरवला. तीन-चार जागी पदर तुटलेले, मधे खड्डे. पाचवीला मात्र खड्डा नव्हता. वीण ताठ होती, जशी त्यानं ठेवली होती तशी. फक्त एक कोपरा उंदरानं कुरतडला होता. खाली चाचपलं तर गाठ त्याचीच; तेव्हा कोणीतरी 'माझीच' म्हणून बसून गेलं होतं.

"ही कोणी वापरत नाई काय?" त्यानं पुनाला विचारलं.

"मले काय माहीत भाऊ. पाच मंजूर झाल्या, पाच आणल्या."

निंबानं पाचवी खुर्ची भिंतीशी सरकवली. ती सगळ्यात शेवटी करायची.

सोमवारी सकाळी तो आला तेव्हा दवाखान्याच्या दारात मांडव घातलेला होता. अपंग संघटनेचं धरणं. निंबा स्वतः संघटनेचा सभासद होता, चार वर्षं. धरणं बसणार हे त्याला माहीत होतं. याच आठवड्यात बसणार हे नव्हतं.

मागणी एकच होती. बोर्ड खाली आणा. हाडांचे डॉक्टर, पायानं अधू असलेल्यांची तपासणी, आणि खोली बावीस पायऱ्या चढून वर. जिन्याला कठडा एकाच बाजूनं, तोही हलणारा. शिपाई वरून नाव पुकारायचा; जो वर पोचला नाही त्याच्या नावापुढं कारकून 'गैरहजर' लिहायचा. सलीमानं त्या गैरहजरांची वही ठेवली होती. सलीमा ही गावातल्या पिंजाऱ्याची मुलगी, मॅट्रिक झालेली, डाव्या पायाला लोखंडी कॅलिपर. ती घोषणा देत नसे. तिचा आवाज मुळातच बारीक. सगळ्यांचे अर्ज तीच लिहायची, आणि वहीत तारखेनिशी एकेचाळीस नावं तिनं उतरवली होती. त्यातलं एक तिचं स्वतःचं. फेब्रुवारीत ती एकेक पायरी बसत बसत वर गेली होती. पोचली तेव्हा बोर्ड उठलं होतं.

आता तिला दाखला हवा होता तो एकतीस मेच्या आत. अपंगांना टेलिफोनचं बूथ मिळणार होतं, स्टँडजवळची जागाही तिनं बघून ठेवली होती. अर्जाला दाखला जोडायचा होता. एकतीस मेच्या आत बुधवार दोन उरले होते. वीस तारीख आणि सत्तावीस.

धरण्याचा पुढारी तोताराम. घड्याळं दुरुस्त करायचा. दोन्ही पाय पोलिओचे, काखेत कुबड्या, आणि आवाज असा की वाऱ्याच्या उलट दिशेलाही ऐकू जावा. दुकानाला कुलूप लावून तो मांडवात बसला होता. दुपारी त्याला कळलं की मागच्या ओट्यावर खुर्च्या विणणारा निंबाच आहे. तो कुबड्या आपटत मागं आला.

"निंबा, तू आमना शे का त्यासना?"

निंबा आडवा पदर ओवत होता. "वेत भिजवेल हाये. सुकला तं तडकते. काम संपू दे, मंग इचार."

"ज्या खुर्चीवर बशीसन त्या आमले गैरहजर लिखतस, तीच तू इनी राहिना! लाज नही वाटत?"

"कामाची कायची लाज? तू काय करून राह्यला तिकडे? बसला. बसणं बी काम असते काय? घसा कोरडा करणं काम असन, तं कावळ्याले बी पगार पाहिजे."

ओट्यावरचे दोघे-तिघे हसले. तोताराम हसला नाही.

"ठीक शे," तो म्हणाला. "पुढच्या बुधवारपर्यंत मांडवात उना नहीस, तर तुनं नाव कापाई गयं समज." आणि कुबड्यांचा आवाज लांब गेला.

निंबानं हात थांबवला नाही. पण त्या दिवशी त्यानं एक आडवा पदर चुकीच्या भोकातून काढला. उसवून परत ओवावा लागला. असं त्याचं वर्षा-दोन वर्षांत एकदा व्हायचं.

नाव कापलं जाण्याचं त्याला लागलं, कारण संघटना त्यानंही बांधली होती. चार वर्षांपूर्वी सभासद करायला तो ज्या ज्या कचेरीत खुर्च्या विणायला जाई, तिथं येणाऱ्या अपंगांना नावं-गावं विचारून सलीमाला सांगायचा. पण ती गोष्ट त्यानं कधी बोलून दाखवली नव्हती, आणि न बोललेल्या कामाची नोंद कोण ठेवतो? तोतारामला मांडवात दिसेल तेच काम वाटायचं, निंबाला हाताला लागेल तेच. दोघं हट्टी.

मंगळवारी तोताराम पाणी भरायला मागच्या नळावर आला, न बोलता. निंबालाच राहवलं नाही. आपणही कामाचे आहोत हे दाखवायची खुमखुमी म्हणा.

"तोताराम, एक गोष्ट सांगतो. बोर्डात डॉक्टर तीन. पाचातल्या तीन खुर्च्या त्याहिच्या, दोन कारकून-शिपायाच्या असतीन. त्यातल्या एकीवर दोन वर्षांत कोणी बसेल नाई. माह्या हातची वीण हाये, मले कळते. तिसरा डॉक्टर येतच नाई."

तोतारामनं घागर खाली ठेवली. "नक्की?"

"बोट खोटं नाई सांगत."

बुधवारी सकाळी बोर्ड बसायच्या वेळेला तोतारामनं कर्णा हातात घेतला. वरच्या खिडकीकडं तोंड करून तो गरजला की या बोर्डाचा तिसरा डॉक्टर दोन वर्षांत एकदाही खुर्चीवर बसलेला नाही, दाखल्यांवरच्या सह्या घरबसल्या होतात, आणि याचा पुरावा आमच्याकडं आहे. मांडवानं टाळ्या वाजवल्या. रस्त्यावरचे लोक थांबले.

पाच मिनिटांनी जिन्यावरून पावलं उतरली. तिसरे डॉक्टर धुळ्याचे होते. ते मांडवासमोर येऊन उभे राहिले आणि न ओरडता बोलले.

"मी दर बुधवारी पहाटेच्या गाडीनं येतो. इथं नेमल्यापासून चौदा महिन्यांत एक बुधवार चुकवलेला नाही. कंडक्टरला विचारा. माझी खुर्ची रुंद, डावा हात मोडका. कुठं आहे ती?"

मागच्या ओट्यावर निंबानं हे ऐकलं. रुंद, डावा हात मोडका. ती त्यानं सगळ्यात आधी घेतली होती. तिच्या मधोमध एवढा खड्डा होता की वाटी राहिली असती. आता ती विणून भिंतीशी उभी होती, वीतभर वेत लोंबता.

हेडक्लार्क मोतीलाल डॉक्टरांच्या मागोमाग आले होते. नळावरचं बोलणं पुनाकडून त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी संधी सोडली नाही. "पुरावा म्हणे! आंधळ्यानं पाहिलेला पुरावा!" लोक हसले. रस्त्यावरचेही हसले, जे मघाशी टाळ्या वाजवत होते. मोतीलाल म्हणाले, खोटा आरोप केल्याबद्दल मांडव उचलायला लावतो. मांडव उचलला गेला नाही, पण डॉक्टर धुळ्याला परत गेले आणि त्या दिवशी बोर्ड बसलंच नाही. एक बुधवार गेला. उरला एक.

त्या दिवशी निंबाकडं कोणी आलं नाही. शिव्या द्यायलाही नाही. त्यानं तिसऱ्या खुर्चीचे आडवे पदर ओढले आणि पाचच्या गाडीनं मेहरूणला गेला.

बेबाबाईनं ताट वाढलं. त्यानं सगळं सांगितलं.

"बोटाले काय समजलं व्हतं?" तिनं विचारलं.

"की त्या खुर्चीवर कोणी बसेल नाई."

"आन् तुमी काय सांगतलं?"

"की डॉक्टर येत नाई."

"मंग? बोटाच्या पुढचं बोलले तुमी." ती भाकरी वाढत म्हणाली. "मापाच्या भाईर वेत कापता काय कधी?"

निंबा जेवला. तिचं खरं होतं. कामात त्यानं अंदाज कधी चालू दिला नव्हता, तोंडानं दिला.

गुरुवारी सकाळी त्यानं पहिलं काम केलं ते मोतीलालना विचारायचं. "साहेब, पाचवी खुर्ची कोणाची?"

"कोणती पाचवी?"

"तीन डॉक्टरांच्या, एक तुमची. पाचवी?"

"ती होय. अर्जदाराची. तपासायला येतो त्याच्यासाठी. नियमात आहे, अर्जदाराला बसायला आसन द्यावं."

"बसतो कोण?"

"कोणी नाही बसत. उचलून आणलेल्याला बाकावर निजवतात. चालत आलेला उभाच असतो. बाकीचे..." मोतीलालनं हात हलवला असावा. "बाकीचे गैरहजर."

निंबा पाचव्या खुर्चीपाशी गेला. ताठ विणीवर त्यानं पंजा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बोट खरंच सांगत होतं. त्यानंच ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी त्यानं वेत भिजवला नाही. घमेलं पालथं घातलं आणि काठी टेकत मांडवात गेला. बोलणं थांबलं.

"तोताराम, माही चूक झाली," तो म्हणाला. "मी खुर्चीचं सांगतलं असतं तं खरं व्हतं. डॉक्टरचं सांगतलं, ते खोटं निघालं. तुले तोंडघशी पाडलं."

तोताराम सतरंजीवर जरा सरकला. म्हणाला, "बस."

निंबा बसला. बारा ते चार. आयुष्यभर तो बसूनच काम करत आला होता, पण हातात काही नसताना बसणं त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्या घटकेतच हात काहीतरी शोधू लागले. सतरंजीखालचा खडा मांडीला रुतत होता. वरून कापड, पण ऊन कापडातूनही येत होतं. तोतारामच्या पायांतल्या कॅलिपरचं लोखंड तापलं की सलीमा ओलं फडकं देई आणि तो ते गुडघ्याच्या पट्ट्याभोवती गुंडाळी. निंबाच्या हाताला चुकून ते लोखंड लागलं तेव्हा त्यानं हात झटकन मागं घेतला. तोताराम असा चार दिवस बसला होता. आवाज बसला होता, तरी तासातासाला उठून ओरडत होता, कारण तो थांबला की रस्त्यावरचे लोक बघायचे थांबत. निंबानं ते मोजलं. कोणत्याही कामाला तो जसा मोजायचा, तसं.

त्याच्या शेजारी सुंदरबाई होती, खेड्यावरून आलेली म्हातारी. कमरेखाली पाय वाळलेले. दोन्ही हातांत टायरच्या चपला घालून हातांवर सरकत चालायची. पाण्याचा तांब्या देताना तिचा तळहात निंबाच्या बोटांना लागला. टायर असूनही नुसत्या कडा वाचल्या होत्या. मधलं कातडं दगडासारखं.

"अक्का, कायच्यानं झालं हे? कोणतं काम करता?"

"चालते, भाऊ," सुंदरबाई म्हणाली.

वेतकामाचे घट्टे निंबाच्या बोटांना होते आणि त्याला त्यांचा मान होता. त्यानं ती बोटं मुडपून घेतली.

चार वाजता उठताना त्यानं तोतारामला विचारलं, "पुढल्या बुधवारी वरून पहिलं नाव कोणाचं निघन?"

उत्तर सलीमानं दिलं. तिच्या वहीत होतं. "माझंच, चाचा. जुने गैरहजर आधी घेतात. पण पुकारून दोन मिनिटं थांबतात. तेवढ्यात मी चौथ्या पायरीवर असते."

"चढू नको," निंबा म्हणाला. मग त्यानं आपली रीत सांगितली. दोघांनी ऐकून घेतली.

"एवढंच?" तोताराम म्हणाला. "एक खुर्ची?"

"मले येते ते एवढंच. पण तुह्या बिगर ते होणार नाई. पोरीचा आवाज वर जात नाई. तुहा जाते."

तोताराम पहिल्यांदा हसला. "कावळानी गरज पडनी का?"

"पडली बाबा. पण ती खुर्चीवर बसेपरेंत चोच उघडू नको."

बुडालेल्या अर्ध्या दिवसाची भरपाई निंबानं रविवारी येऊन केली. मंगळवारी संध्याकाळी पाचवी खुर्ची पुरी झाली. उंदरानं एकच कोपरा खाल्ला होता, तेवढाच बदलून भागलं असतं. पण त्यानं सगळी जुनी वीण काढली आणि पहिल्यापासून विणली. जुनी वीण कोणी न बसताच जुनी झाली होती; बसणारी येणार तर तिला नवीच वीण हवी.

बुधवारी सत्तावीस तारखेला धुळ्याचे डॉक्टर वेळेवर आले. पुनानं त्यांना मागच्या ओट्यावर आणलं, कारण बसल्याशिवाय खुर्ची वर जाणार नव्हती. डॉक्टर बसले. निंबानं कान लावला, गाठ मारली, आणि उभा राहिला.

"साहेब, मागल्या बुधवारी तुमच्याबद्दल बोललो ते चूक. ते माझ्याकडून गेलं होतं, तोतारामकडून नाही."

डॉक्टरांनी विचारलं, "कशावरून बोललात?"

"एका खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. मला वाटलं ती तुमची."

"मग कोणाची?"

"अर्जदाराची."

डॉक्टर उठले. बूट जिन्याकडं गेले, बावीस पायऱ्या चढले. निंबानं मोजल्या.

बाकीच्या दोघांच्या आणि मोतीलालच्या खुर्च्या बसून, गाठ मारून झाल्या होत्या. पुनानं चारही वर नेल्या. पाचवी निंबानं स्वतः उचलली, डोक्यावर घेतली, आणि काठी टेकत पुढच्या पडवीत आणून जिन्याच्या पहिल्या पायरीजवळ ठेवली. मांडव तिथून दहा पावलांवर. तो खुर्चीमागं जमिनीवर बसला. वीतभर वेत लोंबत होता.

मोतीलाल खाली आले. "इथं काय? वर ने."

"गाठ राहिली साहेब. बसणारा बसला की मारतो."

"आण, मी बसतो."

"तुमची झाली. सकाळी बसताना तुम्हीच म्हणाले, रीत चांगली आहे."

"मग पुनाला बसव!"

"पुना, तू अर्जदार हायेस काय?"

"मी? नाही ब्वॉ," पुना म्हणाला.

"तर मग साहेब, काम अपुरं आहे. अपुऱ्या कामाची पोच मी घेत नाही. तीस वर्षांत घेतली नाही."

मोतीलालनं खुर्चीला हात घातला. निंबानं खुर्चीचा पाय धरला नाही, अडवलं नाही, फक्त म्हणाला, "ओढली तर काठाची पट्टी सुटेल साहेब. मग दोन दिवस." मोतीलालचा हात निघाला.

अकरा वाजले. पुना वर गेला होता. जिन्याच्या टोकावरून त्यानं नाव पुकारलं.

"सलीमा पिंजारी!"

मांडवातून कॅलिपरचा आवाज आला. खट, मग पाय, खट, मग पाय. दहा पावलांना तिला वेळ लागला. मांडवात कोणी शिंकलंही नाही. ती खुर्चीपाशी आली, दांडा धरून वळली आणि बसली. नवी वीण एकदा बोलली. निंबानं कान लावला. उजवीकडचा एक पदर किंचित सैल होता. त्यानं तो नखानं ओढून घेतला, घाई न करता. मग गाठ मारली.

"झालं," तो म्हणाला. "आता बोल."

"हजर," सलीमा म्हणाली. तिचा आवाज तिसऱ्या पायरीपर्यंत गेला असेल.

मग मागून तोताराम ओरडला. "हजर!" आणि त्याच्यामागं सगळा मांडव. सुंदरबाईनं टायरच्या चपला फरशीवर आपटल्या. तो आवाज बावीस पायऱ्या चढून, खोलीत शिरून, खिडकीतून बाहेर रस्त्यावर गेला.

वर काही हललं नाही. पुनानं पुन्हा नाव पुकारलं. त्याला दुसरं काय करायचं ठाऊक नव्हतं. पुन्हा सगळे ओरडले, हजर. मोतीलाल वही घेऊन जिन्याच्या मधल्या वळणावर उभे होते. निंबा त्यांच्या श्वासाच्या दिशेला तोंड करून म्हणाला, "साहेब, बाई बोर्डाच्या खुर्चीवर बसलीय. नियमातल्या. गैरहजर कसं लिहाल?"

मोतीलालनं लिहिलं नाही. पेन काढल्याचा आवाज आला होता, कागदावर चालल्याचा आला नाही.

बुटांचा आवाज उतरू लागला. धुळ्याचे डॉक्टर. ते वळणाशी थांबले. खाली खुर्ची, खुर्चीवर सलीमा, खुर्चीमागं जमिनीवर निंबा, आणि मांडवातले पस्तीस-चाळीस जण, सगळं त्यांना तिथून दिसलं असेल.

"मला सांगितलं होतं खाली जागा नाही," ते म्हणाले. कोणाला, ते कळलं नाही. मग म्हणाले, "पुना, माझी खुर्ची खाली आण."

एक डॉक्टर खाली आला की बाकीच्या दोघांना वर बसून काही करता येत नव्हतं. बोर्ड तिघांचं. अर्ध्या तासानं तिन्ही खुर्च्या पडवीत होत्या. सलीमानं वही उघडली आणि एकेक नाव तारखेनिशी सांगू लागली; मोतीलालना रजिस्टर शोधावंच लागलं नाही. तोतारामनं नावं पुकारायचं काम पुनाकडून आपल्याकडं घेतलं. दिवसभरात सव्वीस जण तपासून झाले. सुंदरबाई एकविसावी. सलीमाचा दाखला त्याच संध्याकाळी तिच्या हातात पडला, अजून शाईचा वास असलेला.

सगळंच मिळालं असं नाही. बोर्ड कायमचं खाली आणल्याचा कागद यायला अकरा महिने लागले, आणि त्या अकरा महिन्यांत तोताराम आणखी दोनदा मांडव घालून बसला. त्या वेळी निंबा तिथं नव्हता. तो धुळ्याला कोणाच्या तरी खुर्च्या विणत होता. नाव कापायचा विषय तोतारामनं काढला नाही. फक्त सभासदांच्या वहीत, जिथं प्रत्येकानं आंदोलनात काय केलं ते सलीमा लिहून ठेवी, तिथं निंबाच्या नावापुढं 'चार तास बसले' असं लिहायला त्यानं सांगितलं.

"आणि खुर्ची?" सलीमानं विचारलं.

"ती त्याना धंदा. बसना ते लिख. त्याले ते जड गयं."

निंबाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, बरोबर लिहिलंय.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याच दवाखान्याचं काम पुन्हा आलं. पुनानं खुर्च्या आणून ओट्यावर ठेवल्या. निंबानं तळहात फिरवला. रुंद, डावा हात मोडका, खड्डा. दुसरी, तिसरी. मोतीलालची. मग पाचवी.

पाचवीचे पदर पार तुटले होते. काठ झिजून गुळगुळीत झाला होता, आणि मधला खड्डा असा की निंबाची मूठ मनगटापर्यंत आत गेली. त्यानं मूठ तिथंच ठेवली.

"लई खराब झाली का भाऊ?" पुनानं विचारलं.

"खराब?" निंबा म्हणाला. "पाणी आण घमेलंभर. ही पहिली घेतो."